सहावी बाळी

माझ्या डाव्या कानाला भोक आहे. (बारशाच्या वेळचं कधीच बुजलं. हे एक्कावन्नाव्या वर्षी पाडलेलं!) मी अंबरनाथच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. 'धोक्याच्या जागेपासून लांब उभे राहा' हे सांगण्याचाच मला पगार मिळतो.

सुरुवात आमच्या सोहमने केली. अकरावीत गेल्यापासून तो आमचा कमी आणि त्याच्या ग्रुपचा जास्त. ग्रुपने केस बारीक केले की याचेही बारीक. ग्रुपने चहा सोडला, यानेही सोडला. (ग्रुपने अभ्यास धरला असता तर मी पेढे वाटले असते!) मे महिन्यातल्या एका शुक्रवारी जेवताना म्हणाला, "पप्पा, उद्या आम्ही पाचही जण उल्हासनगरला कान टोचून घेतोय. एकेक बाळी. सेम टू सेम."

"कशाला?"

"ग्रुपची आयडेंटिटी आहे ती."

"तुझी आयडेंटिटी आधार कार्डावर आहे!" मी गरजलो.

माझ्या बायकोची, वैशालीची, पोळी तव्यावरच करपली. रविवारी तिच्या भाचीचा साखरपुडा होता आणि तिथे अण्णा असणार होते. अण्णा म्हणजे माझे सासरे, निवृत्त हेडमास्तर. एका नातवाने केस लाल केले म्हणून ते त्याच्याशी वर्षभर बोलले नव्हते. सोहम मात्र लाडका. "हा कुणाच्या नादाला लागणारा नाही," असं चारचौघांत सांगायचे.

"हा बाळी घालून अण्णांसमोर उभा राहिला, तर मी माहेरी तोंड कसं दाखवू?" वैशाली म्हणाली. "अहो, तुम्ही सोबत जा. आणि याच्या कानाला काही झालं, तर तुम्हीही घरी येऊ नका!"

दुसऱ्या दिवशी सोहमला स्कूटरवर मागे बसवून मी आमच्या शिरगावहून निघालो. वाईट संगत या विषयावर मी उल्हासनगरपर्यंत जे बोललो, ते छापून ठेवायला हवं होतं. त्याने कानात इयरफोन घातले होते, हे उतरल्यावर कळलं.

दुकानात बाकीचे चौघे हजर होते. "आओ साईं, बैठो!" दुकानदार म्हणाला. इथेच चुकलं. मी बसलो.

अडचण अशी निघाली की बाळ्या जोडीनेच मिळतात. पाच पोरं, तीन जोड्या, म्हणजे एक बाळी शिल्लक.

"छठी का क्या करोगे?" दुकानदाराने विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काका, तुम्हाला एक नंबर दिसेल," ग्रुपचा म्होरक्या प्रतीक म्हणाला.

"छे! माझं वय काय!"

"काय काका! पस्तिशीचे वाटता तुम्ही."

हे खोटं होतं. मला माहीत होतं. तरी मी आरशात पाहिलं.

"जाऊ दे रे," प्रतीक पोरांना म्हणाला, "काकांची फाटलीय."

"कुणाची?" मी म्हणालो आणि स्वतःहून कान पुढे केला.

खट्! माझ्या किंकाळीने शेजारच्या जीन्सच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "काका आपल्यातले!" आणि खरं सांगतो, मला फार आनंद झाला. शाळेत मला कबड्डीच्या संघातसुद्धा कुणी कधी घेतलं नव्हतं.

मागोमाग चौघांचे कान टोचून झाले. सोहम पांढराफटक पडला होता.

"मला नको," तो म्हणाला.

"फट्टू!" पोरं ओरडली.

"असेन, भावा. माझा कान आहे, मी ठरवणार."

"अरे, काही होत नाही! सगळ्यांनी टोचलंय, तू एकटाच कशाला मागे राहतोस?"

हे प्रतीक नाही बोलला. मी बोललो!

घरी वैशालीने दारातच सोहमचे दोन्ही कान तपासले आणि देवाला हात जोडले. मग तिची नजर माझ्यावर गेली. आत जाऊन तिने माझा मफलर शोधून काढला.

साखरपुड्याला मी भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळून गेलो. "गार वाऱ्याचा त्रास होतो," असं घाम पुसत सांगत होतो. पण जावयाला फेट्याचा मान! फेटेवाल्याने मला खुर्चीत बसवलं आणि मफलर एका झटक्यात ओढला. आत टम्म सुजलेला कान, आणि त्यात बाळी.

सोहमने पोरांना नकार दिल्याची बातमी अण्णांपर्यंत आधीच पोहोचली होती. (माझी दडवली होती.) त्यांनी नातवाच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्या कानाकडे बराच वेळ पाहिलं.

"जावईबापू, हल्ली तुमचं उठणं-बसणं कुणाबरोबर असतं?"

उत्तर सोहमनेच दिलं. "आजोबा, माझ्या ग्रुपने माझ्या जागी पप्पांना घेतलंय."

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. प्रतीकचा मेसेज होता. 'काका, पुढच्या शनिवारी सगळे केस लाल करतोय. येताय ना?'

मी अण्णांकडे पाहिलं. वैशालीकडे पाहिलं. आणि फोन हळूच टेबलाखाली धरून लिहिलं, 'कोण कोण येतंय?'