बिनमालकाच्या भिशीत

पारोळ्यातल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझा कॉम्प्युटर क्लास होता. होता म्हणतो, कारण पाटी अजून आहे, पण मुलं येईनाशी झाली. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आल्यावर टायपिंग शिकायला कोण येतो? उरली ती टेबलांवर ओळीनं मांडलेली जुनी कॉम्प्युटरं, आणि त्यांच्यावरची धूळ पुसणारा मी.

बायको पुण्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला, मुलगी तिच्याजवळ. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार होती. बायको भांडत नाही, म्हणून तिचं बोलणं जास्त लागतं. ती म्हणाली, "तिथं बसून घर चालत असेल तर आम्ही परत येतो. नसेल चालत तर तुम्ही इकडे या. आखाजीपर्यंत काय ते ठरवा." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.

मी पुण्याला गेलो तर आई एकटी पडणार होती. आई एकदा जाऊन आली होती तिथं. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून बसून कंटाळली आणि परत आल्यावर म्हणाली, "तठे कोनी कोनले वळखत नही. मी मन्हं घर सोडावं नही आते." आई एकदा बोलली की बोलली. म्हणजे मला पारोळ्यातच काहीतरी उभं करायचं होतं, आणि उभं करायला माझ्याजवळ त्या जुन्या डब्यांशिवाय काही नव्हतं.

तेव्हा कुठंतरी वाचलं की एक क्रिप्टो नाणं असं आहे, जे साध्या कॉम्प्युटरवरसुद्धा काढता येतं. मशीन रात्रंदिवस गणितं सोडवत बसतं, एखादं जुळलं की बक्षीस. एकट्याला जुळायला जन्म जाईल, म्हणून लोक गट करतात. त्याला मायनिंग पूल म्हणतात. बुडत्याला काडीचा आधार. मी एका पुलात शिरलो. तो चालवणारा कोण, कुठला, देव जाणे. माझं थोडंफार जमत आलं आणि एके सकाळी त्याची साइटच उघडेना. पुढेही कधी उघडली नाही.

शहाण्यानं तिथंच थांबायचं. पण मी खान्देशी माणूस, एकदा ठेच लागली की त्याच दगडाला पुन्हा जाऊन लाथ मारणार. शोधता शोधता मला मालकच नसलेला पूल सापडला. त्यात कुणाच्या हाती काही द्यायचं नाही. प्रत्येकानं आपापल्या मशीनवर सगळा हिशेब स्वतः ठेवायचा, एकमेकांचं काम एकमेकांनी तपासायचं, आणि बक्षीस लागलं की ज्यांचं काम अलीकडचं असेल त्यांना ते आपोआप वाटलं जायचं. पळून जायला कोणी नाहीच! मला हे फार आवडलं.

आईला सांगितलं, ही भिशीच आहे, फक्त भिशी चालवणारी बाई नाही. आईनं गल्लीतल्या बायकांची भिशी बरीच वर्षं चालवली होती, त्यामुळे तिला लगेच पुढचं दिसलं. "मंग भांडन व्हयनं ते कोन मिटाडी?"

भांडण होणारच नाही, असं मी म्हणालो. आई भाजी निवडत राहिली.

भांडण खरंच झालं नाही. भांडायला समोर माणूस तरी लागतो. मशीनं दिवसभर घोंघावत असत आणि मी त्यांच्यासमोर राखणदारासारखा बसलेला. उन्हाळा लागला तशी पत्र्याखालची ती खोली भट्टीच झाली. माणसाला बसवत नाही तिथं मशीनं कशी तग धरणार? ती तापून मंद होत. त्यात वीज जाई. वीज आली की मधल्या काळात जगभर जे काही घडलं ते सगळं आधी उतरवून घ्यावं लागे, तेवढ्यात वीज पुन्हा जाई. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय.

पण खरी गोम वेगळीच होती. माझ्यासारख्या चिरकुटाचं काम त्या पुलाच्या हिशेबात क्वचित कधीतरी नोंदलं जाई. नोंदलेलं कामही थोडा वेळच टिके, मग आपोआप मागे पडे आणि पुसलं जाई. तेवढ्या वेळात पुलाला बक्षीस लागलं तर माझा कण, नाहीतर गेलं. माझं बहुतेक गेलंच. फसवलं म्हणावं तर कोणी फसवलंही नव्हतं. सगळे नियम आधीच लिहिलेले होते आणि मीच ते कौतुकानं वाचले होते. तरी बायकोचा फोन आला की मी म्हणायचो, "बसतंय हळूहळू." ती "बरं" म्हणायची. त्या "बरं"ची मला भीती वाटायची.

आखाजी आली. सकाळी मी बाजारात आंबे आणि पितरांच्या घागरीवर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, आणायला गेलो. परतलो तर ओट्यावर पाय ठेवतानाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरात घोंघाट नव्हता. वीज गेली म्हणावं तर आतला पंखा फिरत होता. पुढच्या खोलीत जाऊन पाहतो, तर सगळी मशीनं बंद, प्रत्येकाच्या डोक्यावर हळदकुंकू, आणि प्रत्येकापुढे एकेक सांजोरी ठेवलेली.

आईचं माहेर शिंदखेड्याकडचं, शेतकऱ्याचं. त्या घरात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी, असत. सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं. त्या सणाला त्याच्याकडून काम घ्यायचं नाही, त्याला गोडधोड खाऊ घालायचं, आणि पुढच्या साली राहायचं की जायचं हे त्याच दिवसांत ठरायचं. ते सगळं आईनं माझ्या डब्यांना लागू केलं होतं.

"सालदारलेबी आखाजीनी सुट्टी ऱ्हास," ती म्हणाली. "ह्या ते कव्हयपासून मुकाट राबी ऱ्हायनात."

मी भडकलो. सणाच्या दिवशी बोलू नये ते बोललो. आपलं इथं राहणं या मशीनांवर आहे, तुझ्याचसाठी चाललंय हे सगळं, आणि तूच त्याच्यावर पाणी फिरवलंस, असं काहीबाही. आई पदराला हात पुसत उभी राहिली आणि मग स्वयंपाकघरात गेली.

मी सांजोऱ्या बाजूला केल्या, मशीनं चालू केली आणि हिशेब काढायला बसलो. किती नुकसान झालं ते तिला दाखवायचंच, अशी खुन्नस होती मला. पुलाच्या नोंदी मागे मागे जाऊन पाहिल्या. मशीनं बंद होती त्या वेळात माझं काहीच बुडालं नव्हतं. चालू असती तरी जवळपास नक्कीच काही मिळालं नसतं. यात मागच्या राबण्याची पुण्याई नसते, काल दिवसभर घासलं म्हणून आज जवळ आलो असं काही नसतं. मागचे आठवडेच्या आठवडे मी चाळले. त्यांतल्या बहुतेक दिवशी ही मशीनं सुट्टीवर असती तरी कुठं काही बिघडलं नसतं. फक्त विजेचं बिल वाचलं असतं.

इतका रिकामा मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. फसवणूक झाली असती तर निदान शिव्या द्यायला तोंड उघडलं असतं.

स्वयंपाकघरात गेलो. आई खापरावर पुरणपोळी उलटत होती. मी म्हणालो, "काहीच नही बुडनं, आई. चालू ऱ्हातं तरी काही नही भेटतं."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिनं पोळी उतरवली, खापर खाली घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मंग तू आठे कसाकरता बठेल शे?"

"तुन्हाकरता."

तिनं पाट मांडला, ताट वाढलं, रसाची वाटी भरली. म्हणाली, "सालदारनं तोंड उघडत नही. मालकलेच सांगनं पडस. तुन्हं साल भरनं, भाऊ. जेव, आनि मंग तिले फोन लाव."

मी जेवलो. चव लागली की नाही, आठवत नाही. मग फोन लावला आणि बायकोला सांगितलं की मी येतो. ती काहीच म्हणाली नाही, "बरं"सुद्धा नाही. तिनं फोन मुलीकडे दिला. मुलीनं आजीला फोनवर बोलावलं.

आईनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. नात विचारत होती, बाबांबरोबर तूपण येणार ना? "येसू ना, मी बी येसू," आई हसून म्हणाली. "तू मन्हाकरता खिडकीजोडे जागा धरी ठेव." जिला कंटाळून परत आली होती तीच खिडकी ती मागत होती, आणि आई एकदा बोलली की बोलली.

तिकडे पोरगी आनंदानं ओरडत होती, ते मला समोर बसून ऐकू येत होतं.