पडवीतली गोरी काकी

"सून कामाक बरी आसा गो, पण त्या फोटोवाल्यान आमका फसवल्यान."

सासूबाई विहिरीवर शेजारणीला हे सांगत होत्या, आणि मी कळशी घेऊन माडाच्या आड उभी! आता ऐकलंच आहे, तर पुढची फजितीही सांगून टाकते.

आमचं लग्न फोटोवर ठरलं. ह्यांना मुंबईहून मोजकी आठ दिवसांची रजा, मुलगी बघायला माझ्या माहेरी कसालला येणार कोण? तिथल्याच फोटोवाल्याने काढलेल्या फोटोत मी दुधात बुडवून काढल्यासारखी. सासरी रेडीला एसटीतून उतरले ती मात्र माझ्याच रंगाची. तोच फोटो फ्रेम होऊन पडवीत टांगलेला. येणारा आधी त्याच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. बोलत कुणी नाही. मीही नाही.

तर एके दिवशी खनिज न्यायला आलेल्या बोटीवरचा एक आफ्रिकेतला खलाशी बाजारात केळी घ्यायला उतरला. थोरल्या दिरांची शमी आणि नंदू "काळो रे काळो" करत त्याच्यामागून थेट तिठ्यापर्यंत! त्यात शमीचा आवाज मोठा. ही शमी कोण, तर माझ्याच रंगाची, पावडरीचा थर दिल्याशिवाय शाळेत न जाणारी.

घरात तोंड न उघडणारी मी, दोघांना धरून पडवीत बसवलं. तासभर बोलले. उद्या त्याच्या गावात आपण गेलो तर? आपल्यामागे पोरं लागली तर? भरात येऊन शेवटी म्हटलं, "जो दुसऱ्याच्या रंगाक हसता नायतर तो बदलूक बघता, तो त्या माणसाचो अपमान करता." काय वाक्य! मीच खूश.

शमी गुपचूप उठली आणि तोंड धुऊन आली. मला भरूनच आलं.

संध्याकाळी सासरे म्हणाले, उद्या कामासाठी कसालला जायचंय. झालं!

"आजोबा, त्या फोटोवाल्याक इचारा," शमी म्हणाली. "त्यान काकीचो अपमान केल्यान."

सासूबाई जन्मात पहिल्यांदा माझ्या बाजूने. पोर खरंच बोलते म्हणाल्या. नंदू काठी घेऊन सोबत जायला तयार. सासऱ्यांनी तर फ्रेम खिळ्यावरून काढून वर्तमानपत्रात गुंडाळलीसुद्धा. भर बाजारात दाखवून त्याला जाब विचारणार होते.

मी म्हणून बघितलं की जाऊ दे, म्हातारा माणूस आहे, उजेड जास्त पडला असेल. ऐकतंय कोण? माझंच वाक्य मला परत ऐकवलं, तेही दोघा पोरांनी एका सुरात.

मग शमी जवळ आली. पावडर नसलेलं, स्वच्छ धुतलेलं तोंड वर करून म्हणाली, "काकी, त्यान तुका इचारूक तरी होया होतां मा?"

आता ह्या तोंडाशी खोटं कसं बोलू, सांगा!

"बाबा, त्याका काय बोलू नकात," मी म्हटलं. "त्यान पयलो फोटो माझ्याच रंगाचो दिल्यान. तो मियाच परत केलंय. दुसरोय परत केलंय. हो तिसरो."