सुजाताताईंची बॅच

"सर, त्या नर्सबाईंना ऑनलाइन बॅचला टाका. आजच सांगा त्यांना," आमचे संचालक म्हणाले.

राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी नीटचं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं फिजिक्स शिकवतो. नर्सबाई म्हणजे सुजाताताई. वय अडतीस, गाव शाहूवाडीकडचं. बारावी सायन्सनंतर नर्सिंग केलं, आता जवळच्याच हॉस्पिटलात नोकरी. नीटला वयाची वरची अट राहिली नाही हे कळल्यावर त्यांनी क्लास लावला. सतरा वर्षांच्या पोरांत मागच्या बाकावर बसायच्या. बायोलॉजी तोंडपाठ. फिजिक्स मात्र वीस वर्षांत पार पुसलं गेलेलं.

आदल्या दिवशी मी द्रवाचा दाब शिकवत होतो. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, पाणी एकूण किती आहे यावर नाही. ताईंनी हात वर केला.

"सर, म्हंजे सलाईनची बाटली मोठी काय आन् छोटी काय, उंची तेवढीच असली तर दाब सारखाच?"

"सारखाच."

"मग पेशंट उठून उभा ऱ्हायला की नळीत उलटं रक्त चढतंय, ते उंची कमी पडली म्हणून व्हय?"

अख्खा तास त्यावर गेला. पोरंही कान देऊन ऐकत होती. पण ठरलेली गणितं राहिली आणि संध्याकाळी एका पालकाचा संचालकांना तक्रारीचा फोन आला.

"परीक्षेत एका प्रश्नाला मिनिटभर मिळतंय पोरांना," संचालक म्हणाले. "ह्या बाईंपायी बॅच मागं ठेवायची?"

"त्यांना समजतंय, सर. फक्त वेळ लागतोय."

"वेळच न्हाय की आपल्याकडं. तुम्ही सांगताय का मी सांगू?"

मीच सांगितलं. माझी पुढच्या वर्षाची नेमणूक संचालकांच्याच हातात होती. ड्युटी सांभाळून ऑनलाइन सोयीचं पडेल, असं मी ताईंना म्हणालो.

त्यांनी वही मिटली. "सर, ऑनलाइनला हात वर करता येत न्हाय."

"चॅटमध्ये लिहा ना."

ते चॅट कुणी वाचत नाही, हे मला माहीत होतं.

निकालानंतर त्या पेपर घेऊन आल्या. बायोलॉजीत दोनच चुका. फिजिक्सचे अकराच प्रश्न सोडवलेले, त्यातले सहा चुकलेले. चुकलेल्या उत्तराला एक गुण कापतात. प्रवेशाचा प्रश्नच नव्हता.

"हा कुठं चुकला, दाखवा की," त्या म्हणाल्या.

सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले होते. मी दाखवलं.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. मग पेपरची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि ड्युटीला निघून गेल्या. पुन्हा परीक्षेला बसल्या नाहीत.

त्या वर्षी आमचा अभ्यासक्रम वेळेआधी आठ दिवस संपला. संचालकांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. प्रश्न विचारणारं कुणी नसलं की अभ्यासक्रम लवकर संपतो, एवढं मी शिकलो.