जैरीच्या नावाची पत्रं

हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — आणि सांगतानासुद्धा संताप येतो. कोणाचा? माझाच.

स्वातंत्र्यानंतरची वर्षं. गडचिरोलीच्या पलीकडे, जंगलातल्या मुलींसाठी आमचं वसतिगृह होतं. कुडाच्या दोन खोल्या. पक्की इमारत बांधायची म्हणून देणग्या जमवत होतो. देणगीदारांना जपणं हे माझं काम — पत्रं लिहायची, खुशाली कळवायची, माणूस तुटू द्यायचा नाही. नागपूरच्या एक विधवा बाई होत्या, मूलबाळ नसलेल्या. त्यांना मी दर महिन्याला आमच्या वसतिगृहातल्या जैरी नावाच्या मुलीची हकीकत लिहायची. जैरी पाढे म्हणते. जैरीनं तुमच्यासाठी चारोळ्या वेचल्या. खरंच वेचल्या होत्या.

पावसाळ्यात जैरी तापानं गेली. बापानं येऊन तिला गावी नेलं, माती दिली.

मी नागपूरला कळवलं का? नाही. भिंती अर्ध्यावर आल्या होत्या. बाईंनी हात आखडला तर? — म्हणून लिहिलं, जैरी आता गोष्टी वाचते. मेलेल्या पोरीला मी कागदावर वाचायला शिकवलं! आणि पाकीट चिकटवून टपालात टाकलं.

मग बाई जैरीला पहिल्यांदाच भेटायला निघाल्या. मी सोमीला बोलावलं — जैरीच्याच वयाची, तिची मैत्रीण. म्हटलं, आज तुझं नाव जैरी.

ती म्हणाली, "बाई, जैरी तं मेली न? थे आयकून राह्यली असंन तं?"

"गप्प राहा," मी दरडावलं.

नागपूरच्या बाईंनी तिला पोटाशी धरलं, डोळे पुसले. सोमी हात खाली सोडून नुसती उभी होती.

इमारत झाली. समारंभात अध्यक्ष म्हणाले, दात्यांशी नातं कसं राखावं ते या बाईंकडून शिका. आणि मी — मी हार घालून घेतला! लाज नावाची गोष्ट तेव्हा कुठे होती?

नागपूरच्या बाई दरवर्षी येत राहिल्या. सोमीचं नाव परत देता येईना. पुढे मुलीही तिला जैरीच म्हणू लागल्या.

एका उन्हाळ्यात जैरीचा बाप मोहफुलं घेऊन बाजाराला निघाला होता, पाणी प्यायला थांबला. अंगणातून कोणीतरी हाक मारली, "जैरी!"

तो गर्रकन वळला. "कुठी हाय?"

सोमी पुढे आली. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी आत गेले आणि दार लावून घेतलं. सोमीनं त्याला काय सांगितलं, हे मी तिला कधीच विचारलं नाही.