बारा शब्द, एक बोट

आमच्या नाटक मंडळीत त्याला सगळे कुजबुजे म्हणत. खरं आडनाव आठवायला मलासुद्धा वेळ लागतो. तो प्रॉम्प्टर होता. हातात संहिता आणि छोटीशी बॅटरी घेऊन विंगेत उभा राहायचा आणि नट अडखळला की पुढचा शब्द पुरवायचा. शब्द नटाला ऐकू जायचा, पहिल्या रांगेतल्या माणसाला नाही. तीस वर्षं त्यानं हे काम केलं. त्यातली सव्वीस माझ्यासाठी.

मी राजांच्या भूमिका करायचो, म्हणून तो मला राजे म्हणतो. आजही म्हणतो. त्या हाकेत आदर किती आणि टोमणा किती, हे मी कधी विचारलं नाही.

त्याच्याविषयी लिहायचं तर आधी माझी एक गोष्ट सांगायला हवी. मला शब्द पाठ होत नसत, अर्थ पाठ होत असे. लेखकानं ‘मी थकलो’ लिहिलं असेल तर मी ‘या देहात आता त्राण उरलं नाही’ म्हणून टाळी घ्यायचो. प्रयोग संपला की कुजबुजे मेकअपच्या खोलीत डोकावायचा. “राजे, आज पुन्हा भावार्थ बोललात.” एवढंच म्हणून निघून जायचा.

कधीकधी भावार्थही सुचायचा नाही. मग विंगेतून त्याचा शब्द यायचा आणि मी वाचायचो. पण वाचता वाचता एक हलकटपणा करायचो. विंगेकडे असा कटाक्ष टाकायचो की प्रेक्षकांना वाटावं, आत कुणीतरी घोळ घातलाय आणि राजे बिचारे सांभाळून घेताहेत. हे सव्वीस वर्षं चाललं. त्यानं एकदाही तोंडातून शब्द काढला नाही. शब्द काढणं हेच तर त्याचं काम होतं.

मंडळी बंद पडली, आम्ही म्हातारे झालो आणि योगायोगानं एकाच इमारतीत राहायला आलो. तो तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. त्याच्या घरी दोनच माणसं, तो आणि वहिनी. आणि तीन कॉम्प्युटर.

हे कॉम्प्युटर एका कार्यालयानं मोडीत काढले होते. त्यानं ते आणून स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत फळीवर मांडले, बाजूचे पत्रे काढून ठेवले आणि समोर टेबलफॅन लावला. वर एक दोरी बांधली होती. तिच्यावर वहिनी कपडे वाळत घालायच्या. त्या यंत्रांच्या उबेनं चादर दोन तासांत वाळायची.

“हे काय चाललंय?” मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं.

“मायनिंग,” तो म्हणाला. “नाणी काढतोय.”

“या डब्यांतून?”

“ते सगळ्यांना माहीत असलेलं मोठं नाणं आहे ना, त्याला कारखान्याएवढी यंत्रं लागतात. ते नायकाचं काम. हे धाकटं नाणं. मुद्दाम असं रचलंय की घरातल्या साध्या कॉम्प्युटरवरही निघावं. जगभरची यंत्रं दिवसभर एक अवघड आकडा शोधत बसतात. ज्या टोळीला सापडतो तिला नाणी मिळतात. आमच्या टोळीत हजारभर लोक आहेत. माझ्या वाट्याला कण येतो.”

“म्हणजे तू इथंही मागच्या रांगेत उभा.”

“भाला घेऊन,” तो म्हणाला.

वहिनी त्या नाण्याला चिल्लर म्हणत. यंत्रांचे पंखे त्यांना ऐकू यायचे नाहीत. सहा वर्षांपूर्वी त्यांचे कान जायला लागले आणि बघता बघता जवळजवळ गेलेच. पण येताजाता त्या प्रत्येक डब्यावर तळवा ठेवायच्या आणि सांगायच्या, “मधलं गार पडलंय हो.” त्यांचं कधी चुकायचं नाही.

ती सगळी खटपट त्यांच्या कानांसाठीच होती. दोन्ही कानांना चांगली यंत्रं बसवली तर बरंच ऐकू येईल, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. किंमत ऐकून दोघं तशीच घरी परतली होती. आयुष्यभर कुजबुजून पोट भरलेला माणूस आता घरात दिवसभर ओरडायचा. “मीठ कमी आहे,” हे आम्हाला पहिल्या मजल्यावर कळायचं. बायकोशी हळू बोलता यावं, एवढीच त्याची इच्छा होती. चार वर्षं कण कण जमवून रक्कम आता पुरेशी होत आली होती.

ही नाणी कॉम्प्युटरमधल्या एका वॉलेटमध्ये, म्हणजे आभासी पाकिटात असतात. कॉम्प्युटर बिघडला तर ती दुसरीकडे उघडायला बारा इंग्रजी शब्द लागतात, नेमके तेच आणि नेमक्या त्याच क्रमानं. कुजबुजेनं ते कागदावर लिहून खिशात ठेवले होते. आणि दुसरी प्रत म्हणून मला पाठ करायला लावले होते.

“मला?” मी म्हणालो होतो. “माझं पाठांतर तुला माहीत आहे.”

“बाराच शब्द आहेत, राजे. आणि तुमच्याशिवाय कोण आहे मला?”

हे वाक्य ऐकून माझी छाती फुगली, आणि तिथंच घात झाला. नुसते शब्द माझ्या डोक्यात राहीनात, म्हणून मी त्यांचा मराठीत एक छोटा प्रवेश रचला. खिडकीत एक बाई बसलीय. खाली नदी. कुणीतरी छत्री घेऊन येतं, शिडी लावतं. मधेच एक गाढव घुसतं. असं करत करत बाराही शब्द त्यात बसवले. घरी आरशासमोर तालमी केल्या. कुजबुजेसमोर एकदा इंग्रजीत घडाघडा म्हणूनही दाखवले, तेव्हा बरोबर होते. त्यानं कागदाशी ताडून पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुढं दीड वर्षानं एका दुपारी ज्या कॉम्प्युटरमध्ये वॉलेट होतं तोच जळाला. आत धूळ साचली होती, पंखा अडकला होता. वहिनींनी तळवा ठेवला आणि चटका बसला म्हणून हात मागे घेतला, तोवर उशीर झाला होता. आणि कागदाचं म्हणाल तर तो आदल्याच आठवड्यात सदऱ्यासकट धुतला गेला होता. “खिसा बघ,” असं कुजबुजेनं आतून सांगितलं होतं. वहिनींना ते ऐकू गेलं नव्हतं. त्या कागदाचं काय होतं, हे त्यानं त्यांना सांगितलंच नाही.

तो माझ्याकडे आला तेव्हा हसत होता. “चला राजे, एंट्री तुमची.”

आमच्या गल्लीच्या टोकाला एका बाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस सरळ, बोलणं तुटक. आम्ही तिथं गेलो. मी खुर्चीत ताठ बसलो आणि बारा शब्द म्हटले, प्रत्येकानंतर योग्य तो विराम घेऊन. बाईंनी ते टाइप केले.

“जुळत नाहीत,” त्या म्हणाल्या. “शब्द सगळे वॉलेटच्या ठरावीक यादीतले आहेत. पण एकत्र जुळत नाहीत. क्रम नक्की आहे ना? क्रम बरोबर असेल आणि एखादाच शब्द चुकला असेल, तर मी एकेक बदलून बघू शकते.”

“क्रमाबद्दल शंका नको,” मी म्हणालो. “रंगभूमीवर गेलंय माझं आयुष्य.”

त्यांनी तीन दिवस खपून बघितलं. चौथ्या दिवशी आम्हाला बोलावलं. “एक शब्द चुकलाय असं धरून सगळं करून झालं. काका, मग पाठ करायला देतानाच चुकीचं दिलं गेलं असेल.”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी कुजबुजेकडे पाहिलं. तोच तो जुना कटाक्ष. म्हणालो, “असेल बुवा.”

तो बाईंना म्हणाला, “माझंच चुकलं असेल. डोळे अधू झालेत.”

घरी येऊन मी हातपाय धुतले आणि टॉवेलनं तोंड पुसता पुसता आमचा तो प्रवेश मनात म्हणायला लागलो. शेवटी गाढव आलं आणि टॉवेल हातातच राहिला. गाढव शेवटी नव्हतं. त्याला म्हणून दाखवल्यानंतरच्या तालमींत गाढवाचं नाव आलं की मला हसू यायचं. हशाचा शब्द मधे वाया घालवू नये म्हणून मीच ते उचलून शेवटी नेलं होतं. प्रवेश सुधारला होता. मूळ जागा कोणती, ते आता आठवत नव्हतं.

दोन जिने चढून वर जायचं आणि एवढंच सांगायचं होतं. मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं. उद्या गेलो तेव्हा हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो. असे एकोणीस दिवस गेले. वर्तमानपत्रात त्या नाण्याचा भाव घसरतोय असं येत होतं. ते पान मी घडी घालून ठेवत असे.

विसाव्या दिवशी वर गेलो. दार वहिनींनी उघडलं. कुजबुजेचा घसा बसला होता. ओरडून ओरडून स्वरयंत्राला सूज आलीय, महिनाभर बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता दोघांत एक पाटी होती. तो लिहायचा, त्या वाचायच्या, ओल्या फडक्यानं पुसायच्या. मला बसायला सांगून वहिनी आत गेल्या. पाटी टेबलावर होती, नीट पुसली गेली नव्हती. मी वाचायला नको होती. वाचली.

‘त्यांना काही विचारू नकोस. चूक माझी आहे.’

कुजबुजे पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला. मी उभाच राहिलो. “गाढव मी हलवलं,” मी म्हणालो. “तू बरोबर दिलं होतंस. मी ते शेवटी नेलं. आणि हे मला त्याच दिवशी कळलं होतं.”

मला वाटलं तो रागावेल. तो खुर्चीत बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता. त्याचं मंडळीतलं जुनं, आवाज न होणारं हसू. मग घशावर हात ठेवून त्यानं त्याच्या मूळ आवाजात, विंगेतल्या, म्हटलं, “हशाचा शब्द शेवटी. मला कळायला हवं होतं. बाकीचं?”

“बाकीचं तेच आहे.”

“राजे.”

“म्हणजे, मला तरी वाटतं तेच आहे.”

“करून दाखवा. म्हणू नका, करा. जसा रचलात तसा. मराठीत.”

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी चपला काढल्या आणि खोलीच्या मधोमध गेलो. मागे दोन कॉम्प्युटरचे पंखे घुमत होते, डोक्यावर ओली चादर लोंबत होती. मी खिडकीतली बाई झालो. खाली नदी पाहिली. छत्री उघडली, शिडी लावली. कांदा चिरला, डोळे पुसले. मग बोट. मग आरसा. ऐंशीच्या घरातला माणूस, गुडघे कुरकुरताहेत, आणि बघणारी माणसं दोन. एवढा घाबरून मी कुठल्याच रंगमंचावर उभा राहिलो नव्हतो. शेवटी गाढव झालो. कुणी हसलं नाही.

कुजबुजे इंग्रजी शब्द पाटीवर लिहीत होता. बोट या शब्दाशी आल्यावर त्यानं तेच लिहिलं जे मी दुकानात म्हटलं होतं, पाण्यातली बोट. वहिनींनी वाकून पाटी वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

“होडी कुठं होती यात?” त्या म्हणाल्या.

“अहो, ती काय,” मी मोठ्यानं म्हणालो. “बोट.”

“तुम्ही वल्हं मारलं नाहीत. असं केलंत.” आणि त्यांनी तर्जनी वर केली, जशी मी केली होती, खिडकीतल्या बाईसारखी, कुणाला तरी दरडावत.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. फिंगर. मूळ शब्द फिंगर होता. पाठ करायला सोपं म्हणून मी त्याचं मराठी केलं आणि परत इंग्रजीत जाताना मराठी बोटीतूनच गेलो. जिभेला तेवढंच आठवत होतं. हाताला खरं आठवत होतं, आणि ते दिसलं ज्यांना माझा आवाज पोचत नव्हता त्यांना.

कुजबुजेनं पाटीवरचा शब्द पुसला आणि नवा लिहिला. खाली लिहिलं, ‘भावार्थ.’

आम्ही तिघं दुकानात गेलो. बाईंनी गाढवाला एकेका जागी बसवून बघितलं. चौथ्या जागेवर वॉलेट उघडलं. नाणी होती, एकही कमी नाही. कमी झाला होता भाव, त्या एकोणीस दिवसांत जवळजवळ निम्म्यावर आला होता. मी माझ्याकडचे पैसे पुढे केले. माझ्याकडे होते किती म्हणा. कुजबुजेनं माझी मूठ मिटवून परत माझ्याच खिशात घातली. आणखी वाट बघावी, भाव चढेल, असं बाई म्हणाल्या. कुजबुजेनं ते पाटीवर लिहून दाखवलं, तशी वहिनींनी नकारार्थी मान हलवली. “आता पुरे. एका कानाचं घ्या.”

उजव्या कानाला यंत्र बसलं त्याला आता महिना झाला. त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाला होतो. कुजबुजेचा घसा बरा झाला होता. तो वहिनींच्या उजवीकडे बसला होता आणि त्यांना काहीतरी सांगत होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. वहिनी खाली बघून हसत होत्या.

मी डाव्या बाजूला बसलो होतो. मुद्दामच. त्या बाजूनं मी एकदाचं म्हणून टाकलं, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

वहिनी माझ्याकडे वळल्या. “काही म्हणालात?”

“चहा फक्कड झालाय, म्हटलं.”

कुजबुजेनं कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीकडे बघत, विंगेत उभा असल्यासारखा, मला तेवढं ऐकू येईल अशा आवाजात त्यानं शब्द पुरवला.

“माफ करा, वहिनी. माझ्यामुळे एक कान राहिला.”

मी उठलो, खुर्ची घेऊन उजव्या बाजूला गेलो आणि त्यानं दिलं होतं ते जसंच्या तसं म्हटलं.