तपासणीची सुट्टी

"उद्या मला सुट्टी हाय," लेकीनं दारातूनच सांगितलं आणि दप्तर बाजेवर टाकलं.

मी मशीनवर बसले होते. गावातल्या बायांचे ब्लाउज शिवते मी, आणि दिवस मावळायच्या आत हातातलं काम उरकायचं असतं. मान वर न करताच विचारलं, "कशाची गं?"

"साहेब येणार हायेत शाळा पाहायला. गुरुजी म्हणले."

"मग सुट्टी कशी? साहेब काय रिकामी शाळा पाहणार?"

"सगळ्यायला न्हाई. मला, अन् मळ्यातल्या त्या दोघा बहीणभावायला. आमाला वाचता येत न्हाई ना, म्हणून."

तिच्या आवाजात दुःखबिःख काही नव्हतं. सुट्टी ती सुट्टी. उद्या काय काय खेळायचं, याचे बेत तिनं रस्त्यातच करून टाकले होते. माझा मशीनवरचा पाय मात्र तिथंच थांबला.

लेक तिसरीत आहे. अक्षरं ओळखते. एकटी असली की ओळीवर बोट ठेवून कशीबशी पुढं सरकते, पण कुणी समोर उभं राहिलं की तोंड शिवल्यासारखी गप्प होते. हे मला माहीत होतं, तसं गुरुजींनाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्यासाठी तिला घरी बसवणं वेगळं. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी तशीच उठले आणि गुरुजींना फोन लावला.

गुरुजी शांतपणे बोलले. माणूस वाईट नाही. वेळेवर येतात, खाडे करत नाहीत. ओरडतात फार, आणि कधीमधी छडीही चालते. "ताई, मी तिच्याच भल्यासाठी सांगितलं," ते म्हणाले. "साहेब एकेकाला उभं करून वाचायला लावतात. चारचौघांत रडली तर तुम्हालाच वाईट वाटेल. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"गुरुजी, मोठा डॉक्टर येणार म्हणून दवाखान्यातल्या आजारी माणसायला कोणी घरी धाडतं का?"

गुरुजी खाकरले. मग ते म्हणाले, "वर्ग मागे दिसला की बोलणी मला बसतात, ताई. तुम्हाला ते कळणार नाही." आणि त्यांनी फोन ठेवला. तसं मला कळत होतं. माणूस घाबरलेला होता. पण आपल्या भीतीपायी त्यांनी माझी लेक घरी बसवायची, हे काही माझ्या गळी उतरेना.

नवरा शेजारच्या हट्टा गावी एका दुकानात कामाला जातो. तो आल्यावर, ताट वाढता वाढता मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे एक दिवस घरी. गुरुजीसंगं वाकडं काहून घ्यायचं? हे वर्ष अन् पुढचं वर्ष तिला त्यायच्याच हाताखाली काढायचंय. तू भांडून मोकळी होशील, भोगायचं तिला."

हे मला झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. तिला नेलं आणि ती साहेबांपुढं थिजली तर? पोरं हसणार. माझ्या हट्टापायी माझ्याच लेकीचा तमाशा होणार. आणि नाही नेलं तर? आज ती सुट्टी म्हणून खूश आहे. पण आपण नसलो की आपली शाळा चांगली दिसते, एवढं एकदा लेकराच्या डोक्यात बसलं की ते पुसायचं कुणी? जिल्हा परिषदेची शाळा ज्याला येत नाही त्याच्यासाठी नाही, तर मग कुणासाठी? वाचता येणारी पोरं काय, घरी बसूनही शिकतात.

सकाळी मी तिच्या वेण्या घातल्या आणि गणवेश पुढं केला.

"पण मला सुट्टी हाय," ती म्हणाली.

"माझ्याकडून न्हाई."

ती रडवेली होऊन माझ्यामागं चालू लागली. वाटेत दोनदा वाटलं, माघारी फिरावं.

शाळेपुढं रांगोळी, पताका, सगळं झालं होतं. गुरुजी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उभे होते. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उतरला. मी म्हणाले, "तिला न्हाई आलं तर न्हाई आलं. पण बसू द्या. मी हितं व्हरांड्यात थांबते." त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. लेक शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

साहेब थकलेल्या चेहऱ्याचे, किडकिडीत गृहस्थ होते. त्यांनी पुढच्या पोराला उभं केलं. त्यानं धडा घडाघडा म्हणून दाखवला, पुस्तकाकडं न बघता. दुसऱ्यानंही तोच धडा तसाच म्हटला. साहेबांचं बोट रांगेवरून मागं मागं सरकत होतं. मी खिडकीचा गज धरून उभी होते. बोट माझ्या लेकीवर येऊन थांबलं.

ती उठली. पुस्तक उघडं, तोंड बंद. एक शब्द तरी बोल गं माय, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजी घाईनं म्हणाले, "साहेब, ती जरा बुजते. पुढचा घ्या."

"थांबा," साहेब म्हणाले. "काय झालं, बाळा? वाचता येत नाही?"

"न्हाई येत," ती म्हणाली. "मला आज सुट्टी होती. आईनं आणलं."

"कसली सुट्टी?"

"वाचता न येणाऱ्यायची."

गुरुजी फळ्याकडं बघत राहिले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी खिडकीचा गज सोडला नाही.

"आणखी कोणाला आहे ही सुट्टी?" साहेबांनी विचारलं.

तिनं समोरच्या खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. "ते काय, भितीवर बसलेत."

कंपाउंडच्या भिंतीवर ती दोघं बहीणभाऊ बसली होती. डोक्याला तेल, भांग पाडलेला, अंगात गणवेश. त्यांचे आईबाप सकाळीच कामावर गेलेले. सुट्टी मिळाली होती, पण जायचं कुठं, म्हणून तयार होऊन लेकरं बाहेरून आपलीच शाळा बघत होती.

साहेब ओरडले नाहीत. "बोलवा त्यांना," एवढंच म्हणाले.

गुरुजी स्वतः गेले. त्यांना येताना पाहिलं आणि दोघांनी भिंतीपलीकडं उड्या टाकल्या, त्या थेट शेजारच्या हळदीत. हळद लेकराच्या खांद्याला लागत होती. पानं हलली आणि मग थांबली.

"अरे या, मी मारत नाही," गुरुजी म्हणाले. पान हललं नाही. "साहेबांनी बोलावलंय." तरी नाही. रात्रभर मी या माणसाच्या नावानं बोटं मोडली होती, पण आता मला त्यांच्याकडं बघवेना. ते पुन्हा पुन्हा हाका मारत होते आणि दर हाकेला त्यांचा आवाज बारीक होत होता. शेवटी इस्त्रीच्या कपड्यांनिशी ते बांधावर खाली बसले आणि गप्प झाले.

बऱ्याच वेळानं हळदीतून थोरल्या पोरीचं डोकं वर आलं. लांबूनच तिनं विचारलं, "सुट्टी संपली का, गुरुजी?"

"संपली," गुरुजी म्हणाले.

दोघांना दोन हातांना धरून ते आत घेऊन आले. नंतर दार लोटून साहेब गुरुजींना काय बोलले, ते मला माहीत नाही. साहेबांना गाडीपर्यंत सोडायला गुरुजी माझ्याकडं न बघता गेले.

त्यानंतर मी फार भिऊन होते. लेक घरी आली की तिचे तळहात उलटेपालटे करून बघायची. काही बोलले का, मारलं का, विचारून भंडावून सोडायची. "न्हाई," ती म्हणायची. "पुढं बसवलंय आमाला." आता ही शिक्षा समजावी की काळजी, तेच मला बरेच दिवस उमगेना. मग एकदा ती म्हणाली, "गुरुजी खाली बसतेत आमच्यापाशी, अन् बोट ठेवून वाचून घेतेत." त्या दिवशी मी पोटभर जेवले. पण नवऱ्यापुढं काही बोलले नाही.

दिवाळीच्या तोंडाशी मशीनजवळ ब्लाउजांचा ढीग पडला होता. लेक शाळेतून आली आणि दारातूनच म्हणाली, "आई, उद्यापासून सुट्टी हाय."

मशीनवरचा पाय पुन्हा तसाच थांबला. "कोणाला?" मी विचारलं.

"सगळ्यायला," ती म्हणाली. "मी गुरुजीला विचारून आले."