तेंदूच्या भावाची कुलूपबंद मीटिंग

सांगू का, मले अजून राग येते. कुठल्याही पडद्याच्या कोपऱ्यात ते छोटंसं कुलूप दिसलं ना, की जास्तच.

आमचं गाव अहेरीच्या पुढं, जंगलात. बिडीचा तेंदूपत्ता इथी ग्रामसभाच विकते. आजूबाजूच्या गावाईनं मिळून एकच भाव धरायचा, एकट्यानं ठेकेदाराले विकायचं नाई, असं ठरलं होतं. अन सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, नाईच जमलं तर कुठपर्यंत खाली उतरायचं, तो आकडा लिलावाच्या आधी ठेकेदाराले कळू द्यायचा नाई. कळला की तो त्याच्यावर एक पैसा चढत नाई.

आदल्या साली हा आकडा ठरवायची सगळ्या गावाईची मीटिंग सगळे वापरतात त्या ॲपवर झाली. लिंक व्हॉट्सॲपवर फिरली. मीटिंगभर एक काळा चौकोन चूपचाप बसून होता, नावाच्या जागी नुसतं 'मोबाईल'. आमाले वाटलं, असन कोणी आपलाच, नेटवर्क नसन. लिलावात समजलं, तो ठेकेदाराचा दिवाणजी होता.

म्हणून या साली मी म्हटलं, मी पाहते. गावात कॉम्प्युटरवाली मी एकटीच. ग्रामसभेचा कॉम्प्युटर इतका म्हातारा की त्याच्यावर विंडोज नाई, लिनक्सच चालते. अन मी लागली ना मंग! जेवताना तेच, झोपताना तेच. एक सॉफ्टवेअर टाकलं तर लिनक्सवर कॅमेराच काळा. दुसरं मस्त चाले, पण फोन नंबर माग, कॉन्टॅक्ट माग, अन आपलं बोलणं त्याईच्या सर्वरवर उघडं. तिसऱ्यात दोघाईच्या वर कोणी मावेच नाई. शेवटी सापडलं! कोड सगळ्याईले पाहाले मोकळा, ब्राउझरमधीच चालते, अन नागपूरच्या माझ्या मैत्रिणीच्या सर्वरवर ठेवता येते. बोलणं इथून निघतानाच कुलूपबंद, मधात कोणालेच ऐकता येत नाई, मैत्रिणीलेही नाई. बाहेर वेटिंग रूम. मी चेहरा पाहीन तेव्हाच आत. पासवर्ड कुठी लिहिलाच नाई, स्कूटी घेऊन गावोगाव गेली अन कानात सांगून आली. काय भारी वाटून राह्यलं होतं मले!

मीटिंगच्या दिवशी समाजमंदिरात कॉम्प्युटर लावला. पडद्यावरचे सगळे चेहरे ओळखीचे. पण आमच्याइथी सभा म्हणजे अख्खं गाव बसते. दार लावून जे ठरवलं, ते ठरलं असं कोणी धरतच नाई. बाया पार अंगणापर्यंत बसल्या होत्या अन कॉम्प्युटरचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढं जाईना.

"आयकू नाई येऊन राह्यलं वो!" मागून एक काकू ओरडली. "आमाले का डोस्के मोजाले बलावलं?"

ग्रामसभेचे अध्यक्षभाऊ उठले. छतावर भोंगा आहे, सभेची हाक द्यायचा. त्याची पिन घेऊन ते कॉम्प्युटरात खुपसाले लागले.

"भाऊ, नाई! दिवाणजी तिथी पानठेल्यावर बसून आहे!"

"बसू दे. तो का आपल्या मीटिंगीत हाय? तूच म्हनली ना, कुलूप हाय म्हनून."

"कुलूप तारेतल्या आवाजाले आहे भाऊ, भोंग्यातल्या नाई!"

"हे पाय पोरी, गावाले न आयकवता भाव ठरवला तं उद्या हेच लोकं म्हनतीन, अध्यक्षानं पैसे खाल्ले. मले नाई पायजे तसं."

"मंग आकडा तरी बोलू नका. फळ्यावर लिहा."

"वाचता आलं असतं तं तुले काऊन बलावलं असतं?" काकू म्हणाली, अन सगळ्या बाया हासल्या.

पिन बसली. आमचा आकडा भोंग्यातून निघून मोहाच्या झाडाईवरून गेला. खिडकीतून मले पानठेला दिसत होता. दिवाणजीनं ठेल्यावाल्याले हातानं गाणं बंद कराले सांगितलं.

लिलावात ठेकेदार बरोबर त्या आकड्यापर्यंत आला अन थांबला. बाकीचे ठेकेदार त्याचेच संगी, मुंडकं खाली घालून बसले. वरच्या भावातून पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी जो बोनस वाटतात, तो तिथीच गेला.

नंतरच्या सभेत काकूच पहिली बोलली. "हा कॉम्प्युटरच ठेकेदाराले फुटला. आदल्या सालीबी याच्यातूनच गेलं होतं."

"काकू, भोंग्यातून गेलं वो! दिवाणजीनं बसल्या जागी ऐकलं!"

"भोंग्याले नको बोलू. माह्या लग्नाच्या आंधीपासून हाय तो. त्यानं कधी धोका नाई देल्ला."

मुंडके हालले. मी अध्यक्षभाऊंकडं पाहिलं. त्याईले सगळं माहीत होतं. ते छताकडं पाहून राह्यले होते.

पुढच्या सालापासून कॉम्प्युटर नको, असं ठरलं. मी वायर गुंडाळून तो पोत्यात भरत होती, तेवढ्यात डोक्यावर भोंगा खरखरला, अन अध्यक्षभाऊंनी तो ठराव अख्ख्या गावाले वाचून दाखवला.